मामींच्या परसातली पावलं

अरे, माझं पहिलं स्वतंत्र काम ऐका! मामींच्या परसात कडेला बसायला लाकूड-प्लास्टिकच्या कंपोझिट फळ्यांचा डेक, आणि घरापासून तिथपर्यंत दगडी नक्षीचे ठसे मारलेली काँक्रीटची वाट. ठसे दाबून मी हात धुवायला गेलो, तेवढ्यात त्यांचा नातू ओल्या काँक्रीटमधून अनवाणी चालत थेट डेकवर!

मी थापी उचलली, तर मामी ओरडल्या, "पुसू नकोस! गोकुळाष्टमीला दारातून आत येणारी काढतो ना, तशी कृष्णाची पावलं उमटलीत!" मग कपाळाला हात. "अय्यो, पण हा कृष्ण घराबाहेर चाललाय की रे!"

मी कधी न बोलणारा, पण बोललो, "मामी, दारातून त्याला मुरुक्कू दाखवा, तुमची ती चकली."

पोरगं त्याच ओल्यातून तुरुतुरु आत आलं. जाणाऱ्या पावलांवर मी पुन्हा ठसा दाबला, येणारी ठेवली.

काल दारासुरम गावाहून फोन आला, "आम्हालाही तसंच हवं. मूल तुम्हीच आणता, की आमचं चालेल?"