पुठ्ठा कोणी धरला होता?

—नाही नाही, हॅट राहू द्या सर, हॅटशिवाय तुम्हाला ओळखणार कोण? हनुवटी जरा खाली… अशी. आरामात बसा. पोरं खाली पाय मोकळे करायला गेलीत, येतील एवढ्यात, तोवर मी दिवे लावून घेते. रविवारच्या सत्काराला नवा फोटो हवा म्हणालात, म्हटलं या की, आमच्या फोटोग्राफीच्या क्लासलाही समोर बसवायला चेहरा हवाच होता — आणि काय चेहरा! हा दिवा असा बाजूला घेतला ना, की एकेक सुरकुती उठून दिसते. समोरून लावला की सगळं सपाट, गुळगुळीत, माणूस एकदम तरणाताठा. कुठून लावू? तुम्हीच सांगा, शिकवलंय तुम्हीच. — समोरून? वाटलंच मला.

आठवतं, मला काय म्हणायचात? पुठ्ठेवाली. बाकीची मुलं कॅमेरे घेऊन पुढे आणि मी आपली उजेड परतवायला पांढरा पुठ्ठा धरून उभी — वर धर, खाली धर, झोपलीस का गं? हात भरून यायचे. पण खोटं कशाला बोलू, शिकवायचात झकास. उजेड बघायचा कसा ते तुमच्यामुळे कळलं. म्हणून तर राग जात नाही सर. मास्तर टाकाऊ असता तर केव्हाच विसरले असते.

हलू नका, दिव्याला छत्री लावतेय, उजेड मऊ पडेल. तर आत्या. माझी आत्या, जिने मला वाढवलं — शेवटच्या आजारात तिचा फोटो काढायला तुम्ही घरी आलात. आलात, ते उपकारच. तिला खिडकीसमोर बसवलंत, कॅमेरा रोखलात आणि ती आपली गप्प, दगडासारखी. म्हणाली, ‘ए, तूच काढ गं, या बाप्याकडे बघून मला हसू यायचं नाही.’ मग तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि पुठ्ठा स्वतः धरलात. तेवढ्या एकाच दिवशी! आणि ती हसली. माझ्याकडे बघून हसली. थोड्याच दिवसांत गेली बिचारी. आणि तो फोटो मला दिसला कुठे? पेपरात. बक्षीस मिळालेला. खाली तुमचं नाव आणि वर काय, तर ‘अनोळखी म्हातारी’. अनोळखी? जिच्या घरी बसून चहा प्यालात, दुसरा कप मागून घेतलात, ती अनोळखी? बक्षीस घाला हो चुलीत, मला नकोच होतं. पण तिला असं बेवारशी करून टाकलंत! विचारायला आले तर भर वर्गात म्हणालात, पुठ्ठा धरणाऱ्याचं नाव फोटोखाली येत नसतं. काय हसले सगळे. तुम्हीही हसलात.

आता — खरं तर सांगणार नव्हते, रविवारीच कळलं असतं तुम्हाला, पण माझं मेलं तोंड थांबत नाही. सत्काराच्या हॉलमध्ये तो आत्याचा फोटो लागलाय, पाहिलात? भिंतीएवढा? छापायचं काम आमच्याकडेच आलं होतं. मीच म्हटलं, सरांचं काम आहे, दणदणीत मोठं होऊ द्या. लहान छापला की आत्याच्या बुबुळात नुसता पांढरा ठिपका दिसतो. भिंतीएवढा छापला की त्या ठिपक्याची खिडकी होते. खिडकीपुढे दोन वेण्यांची मुलगी, डोळ्याला कॅमेरा लावलेली. आणि शेजारी पुठ्ठा धरून कोण? गोल काठाच्या हॅटमधला उंच माणूस! पुसून टाकता आलं असतं तुम्हाला. पण नियम तुमचाच ना — चेहरा हवा तेवढा गुळगुळीत करा, डोळ्यातल्या उजेडाला हात लावायचा नाही. बायकोचं ऐकलं नसेल एवढं त्या नियमाचं ऐकलंत! मी नव्या पोरांना पहिला धडा त्याच फोटोवर देते. नाव कोणाचंच सांगत नाही. नुसतं विचारते, उजेड कुठून आला, कॅमेरा कोणाकडे होता, पुठ्ठा कोणी धरला होता? अगदी मठ्ठातलं मठ्ठ पोरगंसुद्धा बरोबर सांगतं. ती सगळी पोरं, जुनी-नवी, रविवारी पहिल्या रांगेत बसणारेत.

—उतरवायला सांगता? सांगा की. कारण काय द्याल? — नका हो माफी मागू, माफीचं मी काय करू, लोणचं घालू? एक करा. नाव घ्या तिचं. रविवारी स्टेजवर उभं राहून सांगा, ही अमुकअमुक बाई, हिच्या भाचीने काढलेला हा फोटो. आजवर कोणी घेतलं नाही ते नाव. घ्याल? खरंच घ्याल? बघा हं सर — मी स्वतः जाऊन उतरवते तो फोटो, आत्ताच्या आत्ता, लहान लावते, शपथ. म्हणून दाखवा बघू एकदा.

—काय?

‘काय होतं गं नाव तिचं?’

…

या रे, या सगळे. दार लावून घ्या. नाही, दिवा समोर नको, बाजूलाच राहू दे. सर, हा पुठ्ठा धरा जरा, असा छातीपाशी. वर. अजून वर. माझ्याकडे बघा. डोळे मिटू नका… झालं. या, पडद्यावर मोठं करून बघा — सरांच्या डोळ्यात कोण दिसतंय? मोठ्याने सांगा, त्यांना ऐकू जाऊ दे. आणि पुठ्ठा कोणी धरलाय? शाब्बास.

या फोटोखाली माझं नाव येईल सर. उठा आता, दुसऱ्या कोणाला तरी बसू द्या.