बँड तिच्यासाठी थांबायचा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या बँडचे मास्तर. व्यासपीठावरचे रेकॉर्ड कंपनीचे पाहुणे. जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती माझी धाकटी बहीण. आणि खुर्च्या संपल्या म्हणून पायऱ्यांवर बसलेल्या रसिकहो, सर्वांना माझा सस्नेह नमस्कार.

आज धाकटी स्टेजचा निरोप घेते आहे आणि तिच्यासोबत बँडही थांबतो आहे. त्याच्या निवडक गाण्यांचा अल्बम आत्ताच आपल्या टाळ्यांत प्रकाशित झाला. मला आयोजकांनी बजावलंय, ‘ताई, बहिणीबद्दल चार चांगले शब्द बोला.’ बोलते. पण आधी खरं सांगते. मला तिचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो. आत्ता टाळ्या वाजल्या तेव्हाही वाटला. हसताय? हसा, हसा. सख्खी बहीण असलेल्यांना कळेल.

आमचा बँड फंक आणि सोल, म्हणजे पाश्चात्त्य ठेक्याचं नाचरं संगीत, वाजवणारा. लोकांना जागेवर बसू द्यायचं नाही, हा त्याचा धर्म. मुख्य गायिका मी. धाकटी मागे उभी राहून साथ करायची. मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी बोलायचीसुद्धा बंदी केली आणि माझ्या नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ तर ठरलेला. मास्तर म्हणाले, “धाकटीला गाऊ दे, नुसती जागा धरायला. तू बरी झालीस की तुझा आवाज भरू.”

मी बरी झाले. गायले. अगदी चोख गायले. मास्तरांनी दोघींची रेकॉर्डिंग ऐकली आणि चष्मा पुसत म्हणाले, “तुझं बरोबर आहे. तिचं ठेवतो.”

आता मला सांगा, हा काय निवाडा झाला?

मी बँड सोडला, शाळेत संगीत शिकवू लागले. आणि ते गाणं असं गाजलं की विचारू नका! रिक्षात तेच, लग्नाच्या हॉलमध्ये तेच. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे लागलं. मी आ वासून खुर्चीत, तोंडात यंत्र. उठून जायचीही सोय नाही! घरी मात्र आमचं छान होतं हं. भाचरांचे वाढदिवस, आईचं आजारपण, सगळं दोघींनी मिळून केलं. फक्त त्या गाण्याचा विषय कोणी काढायचा नाही.

परवा अल्बम ठरत असताना धाकटी घरी आली. मी कपडे वाळत घालत होते.

“ताई, तुझ्या आवाजातलं ते गाणंही सापडलं. मास्तरांनी जपून ठेवलं होतं. अल्बममध्ये एकच बसेल. तुझं घालते.”

“दया करतेस?”

“दया कसली! ते गाणं तुझं होतं. प्रत्येक कार्यक्रमात गाताना वाटायचं, ताईच्या घरात शिरून तिची साडी नेसून आलेय.”

हे मला ठाऊकच नव्हतं. मी हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला. खोटं कशाला बोलू, मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, लाव दोन्ही.

आधी माझं लागलं. स्वच्छ, सुरेल, तालात बांधलेलं. मग तिचं. कडव्याच्या शेवटी ती श्वास घेते आणि ओळीवर जरा उशिरा येते. तेवढ्यात काय होतं ठाऊक आहे? सगळा बँड तिच्यासाठी थांबतो. बेस थांबतो, ट्रम्पेट थांबतात, हा आमचा ड्रमर ठोक्या, जो कोणाच्या बापासाठी थांबला नाही, तोही हात वर धरून थांबतो. मग ती येते आणि सगळे तिच्याबरोबर तालावर तुटून पडतात. माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. मी कोणाला थांबावंच लागू दिलं नव्हतं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मला हेवा तिच्या आवाजाचा आहे. नाही हो. तो त्या थांबण्याचा होता.

मी म्हटलं, “तुझं घाल.”

“ताई, रागावून म्हणतेयस?”

“रागावून म्हणतेय. तरी तुझंच घाल.”

ती रडायला लागली. मी तिला चहा दिला, साखर मुद्दामच कमी घातली. तर मंडळी, आपण घरी न्याल त्या अल्बमवर तिचंच गाणं आहे, आणि ते माझ्या सांगण्यावरून आहे. एवढं तरी श्रेय मला घेऊ द्या.

मास्तरांचे, पाहुण्यांचे आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार. सत्काराच्या भाषणात शोभणार नाही असं काही तोंडून गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. हेवा मात्र माझ्यापाशीच राहू दे. त्याच्यामुळेच धाकटीचं एकेक गाणं मी असं कान देऊन ऐकलंय, की तसं या सभागृहात दुसऱ्या कोणीच ऐकलं नसेल.