एका फळीवर

आकाराम : उचला ते, सुभेदार. आधी उचला, मग बोलू.

लालासाहेब : अहो आकारामबापू, खारवलेल्या मटणाच्या चकत्या आहेत त्या. पुण्याहून बर्फात घालून आणल्यात. मायाच्या चीजला लावून ठेवल्या, म्हटलं बघावं कसं दिसतंय.

आकाराम : दुधाला चिकटवून मटण ठेवलंय आन् कसं दिसतंय इचारता? माज्या दारात बसून?

माया : आबा, जरा दमानं. सुभेदारकाका, ते तेवढं या ताटलीत काढा. आणि या फडक्याला हात पुसा.

लालासाहेब : घे, काढलं. हातही पुसले. झालं समाधान? पण माया, शनिवारी पाचगणीला माझ्या बंगल्यावर असंच लागणार आहे. बंगला मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं दिलाय, त्यांच्या साखरपुड्याची पार्टी आहे. तुला फोनवर सांगितलं होतं मी.

माया : तुम्ही चीज बोर्ड म्हणालात. मटणाचा शब्द नव्हता काढला.

लालासाहेब : त्यात काढायचं काय? अगं, फौजेत माझी सगळी नोकरी ऑफिसर मेसची व्यवस्था बघण्यात गेली. पार्टी म्हटली की लाकडी फळी यायचीच. चार तऱ्हेचं चीज, मटणाच्या चकत्या, द्राक्षं, बदाम. तेव्हा ते साहेब लोकांचं खाणं होतं. आता बघ! वाढदिवस असो, साखरपुडा असो, मुंबईचा पाहुणा बॅग खाली ठेवायच्या आधी विचारतो, बोर्ड मिळेल ना? आधी फोटो, मग खाणं. परवा एका बाईनं हळदीकुंकवाला मागितला, बोल!

आकाराम : मागू द्यात. खाऊ द्यात. माजं काय म्हणणं न्हाई. पर त्यात माज्या शेळ्यांचं दूध न्हाई. माये, उद्यापास्नं तुला दूध बंद.

माया : बंद म्हंजे?

आकाराम : बंद म्हंजे बंद.

माया : मग मी कोंडीबाकाकाकडनं घेईन. त्यानं न्हाई दिलं तर पलीकडच्या वाडीवर जाईन. आबा, पाचगणीत एका हाटेलात भांडी घासत घासत शिकले मी हे. घरी पहिल्यांदा केलं तवा कुत्र्यानं हुंगून सोडलं, आख्खी वस्ती हसली. तवा न्हाई सोडलं, ते आता सोडीन व्हय?

आकाराम : सोड म्हणतंय कोण? तू कर की. माज्या शेळ्या सोडून कर.

लालासाहेब : बापू, राग मानू नका, पण एक विचारतो. तुम्ही बोकडं बाजारात विकता का नाही?

आकाराम : इकतो.

लालासाहेब : जत्रेला मटण खाता का नाही?

आकाराम : खातो. वाटी वरपून खातो. लपवायचंय काय त्यात? पर आमच्यात ज्या दिशी मटण, त्या दिशी चूल भाईर. खाल्लेल्या हातानं आचळाला शिवायचं न्हाई. धार काढायला शेजारचं कुणीतरी न खाल्लेलं बोलवायचं. माज्या बापानं तसंच केलं, त्याच्या बापानं तसंच केलं.

लालासाहेब : नाहीतर काय होतं? दूध आटतं?

आकाराम : लोक म्हणत्यात आटतं. मी न्हाई तसलं सांगत. दुष्काळात शेळ्या घेऊन चारा छावणीवर हुतो, खायला अन्न न्हाई तिथं मटण कुठलं? तरी आटलंच की दूध.

लालासाहेब : मग झालं तर! उगीच कशाला अडवून धरता? पाहुण्याच्या पोटात गेल्यावर दोन्ही एकच.

आकाराम : पोटातलं ज्याचं त्यानं बघावं. मी फळीवरचं बोलतोय. दूध आईचं, सुभेदार. मटण लेकराचं. आई आन् तिचं कापलेलं लेकरू एका फळीवर मांडायचं, आन् शोभंला वर द्राक्षं ठेवायची? पावण्याला काय न्हाई वाटायचं त्याचं. पर सकाळी शेळीम्होरं मला बसायचं असतंय. तिला गोंजारतो, दोन शब्द बोलतो, तवा ती पान्हा सोडती. कुठल्या तोंडानं बोलू तिच्यासंगं?

लालासाहेब : हे मटण पुण्याच्या दुकानातलं आहे, बापू. तुमच्या शेळीचा काय संबंध?

आकाराम : कुणाच्या तरी शेळीचा आसंलच की.

माया : सुभेदारकाका, दोन फळ्या करा. माझी एक, मटणाची एक. माझ्या फळीवर चीज, आटपाडीचं डाळिंब, तासगावचे बेदाणे, बाजरीची कडक वाळवलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तुमच्या पाचगणीची स्ट्रॉबेरी तुम्ही घाला. मटण दुसऱ्या टेबलावर.

लालासाहेब : भाकरी, चटणी, हे सगळं फर्स्ट क्लास. पण टेबल एकच. मुलीच्या आईनं फोटो पाठवलाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच फळी पाहिजे. पाहुणे फळीच्या दोन्ही बाजूंनी उभे राहणार. मी त्या बाईला काय सांगू? आटपाडीच्या शेळ्यांना राग येतो म्हणून?

माया : सांगा की. खरं तेच सांगा.

लालासाहेब : हसतील मला!

माया : मग शनिवारचं चीज दुसरीकडनं आणा.

लालासाहेब : माया, नीट विचार कर. ही एक पार्टी गेली तरी चालेल, पण सगळ्या बंगलेवाल्यांना मी तुझं नाव सांगणार होतो. हॉटेलवाले आपण होऊन आले असते तुझ्याकडे. असली संधी आटपाडीत चालून येत नाही.

माया : माहीत हाय मला. रात्रंदिवस हेच डोक्यात घेऊन बसले होते. पण तुम्ही मघाशी हळदीकुंकवाचं बोललात. तिथं मटण ठेवलंत?

लालासाहेब : हळदीकुंकवाला मटण? वेड लागलंय का? बिनमटणाचाच बोर्ड दिला. चीज विकतचं होतं, रबरासारखं. बायकांनी नुसती द्राक्षं खाल्ली.

माया : मग त्या बायका माझ्या. बारसं माझं. श्रावणातली सगळी गिऱ्हाइकं माझी. त्यांच्यासाठी माझी फळी न्या, बाकीच्यांची तुमची तुम्ही बघा.

लालासाहेब : ते छोटं काम आहे गं. कधीमधीचं.

माया : छोटं तर छोटं. चीज, भाकरी, चटणी, सगळं बांधून देते, आज घेऊन जा. बिनमटणाचा पहिला पाहुणा येईल त्याच्यापुढं ठेवा. त्यानं दुसऱ्यांदा मागितलं तरच मला फोन करा.

लालासाहेब : आणि नाही मागितलं तर?

माया : मागंल.

लालासाहेब : बापू, पोरगी तुमच्यावर गेलीय. फौजेत असती तर सगळ्या पलटणीला हिनं वळण लावलं असतं. बांध बाई, बांध. शनिवारचं माझं नशीब.

(सुभेदारांची जीप फाट्याकडे वळते. आकाराम आणि माया दारात.)

आकाराम : मोठं काम गेलं तुजं. माज्यापायी.

माया : गेलं.

आकाराम : रडतीस व्हय?

माया : रडू यायलंय, पण येऊ द्या. त्यानं काय मी थांबत न्हाई.

आकाराम : तुला बी पटलं न्हवं पर? आई आन् लेकराचं?

माया : खरं सांगू? न्हाई पटलं. मला तसं काय वाटत न्हाई, आबा. पाचगणीला मी दोन्ही एकत्र खाल्लंय. एकदा न्हाई, लय येळा.

आकाराम : खाल्लंस?

माया : व्हय.

आकाराम : मग आलेलं काम कशाला घालवलंस, येडे?

माया : दूध मला कुठं बी मिळालं असतं. पण तुमी रोज शेळ्यांसंगं बोलत धार काढता, ते दूध कोंडीबाकाका देणार हाय व्हय? तुमचं मन मोडून काढलेलं दूध मला नको. बाकी पाचगणी काय, महाबळेश्वर काय, सगळीकडं जाणार हाय मी. हीच फळी घेऊन जाणार. बघाच तुमी.

आकाराम : जा की. मी कुठं अडवलंय? ...माये.

माया : काय?

आकाराम : कसं लागतंय? दोन्ही एकत्र?

माया : लय भारी लागतंय, आबा.

आकाराम : बरं. चल, धारंची येळ झाली. आन् शेळ्यांम्होरं हे बोलू नगंस.