धर्माचा रकाना

१९४८ साली आमच्याकडे नव्या राज्यघटनेवर वाद रंगला होता. विवाह नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे एक नर्स आणि एक ड्रायव्हर उभे होते.

"धर्माचा रकाना कोरा का?" कारकुनाने विचारलं.

"काका, धर्म दोन आणि रकाना एक," नर्स म्हणाली.

"मग धर्मगुरूंची चिठ्ठी आणा."

"सरकारनं धर्मात पडू नये, असं कालच घटनासमितीत ठरलं ना?"

"वर ठरलं असेल. फॉर्म जुनेच आहेत."

"उद्या यांची बदली आहे. आज सही नाही झाली, तर मी इथे आणि हे तिकडे."

"बरं बरं, रडू नकोस. थांब, पट्टी शोधतो."

"पट्टी कशाला?"

"रकाना खोडायचा तर सरळ रेघेत खोडू. सरकारी काम आहे, पोरी!"

ती दोघं तिकडेच तीन मुली वाढवून म्हातारी झाली. कारकुनाची बढती दोन वर्षं अडली. पण तोवर काकांनी एकशे अकरा रकाने खोडले होते. त्यांतला एक आमचा.