एक पुत्र

(भिंगार. सकाळचे अकरा. बाहेरच्या खोलीत पाळकसाहेबांची शवपेटी, भोवती चर्चच्या मंडळीतल्या बायका गीतं म्हणतायत. स्वयंपाकघराचं दार लोटून आत तिघं: पाळकांची बायको लंकाबाई, मुलगी सुवार्ता, धाकटा मुलगा आशीर्वाद.)

सुवार्ता : परत वाच. शेवटचं वाक्य.

आशीर्वाद : ताई, कशाला आता?

सुवार्ता : वाच म्हणते ना.

आशीर्वाद : "परमेश्वराने मला लंकाबाईसारखी सोबतीण दिली, व आम्हाला एक पुत्र दिला, आशीर्वाद." बास. खाली सही, तारीख.

सुवार्ता : एक पुत्र.

आशीर्वाद : दोन हजार दोनचा कागद आहे गं. तुझ्या लग्नानंतर सहा महिन्यांनी लिहिलेला.

सुवार्ता : नंतर बावीस वर्षं होती की हातात. म्हणजे चार वाजता, माती द्यायच्या आधी, तू दोनशे माणसांसमोर उभा राहून सांगणार, रेव्हरंड बिभीषण भिंगारदिव्यांना मुलगी नव्हतीच. माझा पार्थ पुढच्याच बाकावर बसलेला असणार. त्याला काय सांगू? त्याची आई कोण म्हणून?

आशीर्वाद : जीवनवृत्त वाचावंच लागतं. आणि माणूस स्वतःच्या हातानं लिहून गेला असेल, तर त्यात काना-मात्रासुद्धा बदलायची नाही, हा पप्पांचाच नियम. नेवाशाला झुंबरबाईच्या कागदात होतं, थोरल्या सुनेनं मला उपाशी ठेवलं. पप्पांनी जसंच्या तसं वाचलं. सून समोर बसली होती.

सुवार्ता : अख्ख्या तालुक्याची जीवनवृत्तं लिहिली ह्या माणसानं. दारुड्या मेला तरी सायकल काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत फिरायचे, "ह्याच्यात चांगलं काय होतं, सांगा." एक तरी वाक्य शोधून आणायचे. माझ्यासाठी त्यांना एक शब्द सापडला नाही.

लंकाबाई : च्या घे. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुज्या.

सुवार्ता : नको. आई, तुला ठाऊक होतं कागदात काय आहे ते?

लंकाबाई : व्हय.

सुवार्ता : आणि गप्प बसलीस.

लंकाबाई : बसले. दुसरं काय केलं मी जलमभर?

आशीर्वाद : आईवर नको चिडूस. तू गोरक्षनाथदाजींशी मिरजगावला, त्यांच्या देवळात लग्न लावून मोकळी झालीस. इथं पुढच्याच रविवारी पंच आले. "पाळकाचीच पोरगी अशी गेली, तर आम्ही आमच्या पोरींना कोणत्या तोंडानं सांगायचं? तिला टाका, नाहीतर पाळकाचं पुलपिट सोडा." पप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही." मी दाराआड होतो.

सुवार्ता : आणि शब्द पाळला. पाळकाच्या दीक्षेच्या वेळी मिशनचे साहेब म्हणाले, बिभीषण नाव बदला, तर म्हणे माझ्या आईनं ठेवलंय, बदलणार नाही. स्वतःचं नाव जपलं. माझं टाकलं, त्यांनीच ठेवलेलं. दर नाताळला यायचे मी. दारात उभी राहिले की म्हणायचे, "या." पोटच्या पोरीला! "या, बसा. तिकडं टँकर सुरू झाले का?" कुणा पाहुण्याशी बोलावं तसं. मी आपली मान हलवत बसायचे, आणि एसटीत बसले की रडायचे.

लंकाबाई : तुला म्हाईत न्हाई, तू गेलीस का ते दारातच हुबं ऱ्हायचे.

सुवार्ता : उभं राहून काय उपयोग? लहानपणी मला ताप आला, तर म्हणे मला खांद्यावर घेऊन उपदेश दिला होता, भर उपासनेत. तूच सांगायचीस.

लंकाबाई : दिला हुता. खाली ठिवलं की रडायचीस तू. लोकं हसली, तरी खाली ठिवलं न्हाई.

सुवार्ता : मग तोच माणूस असं लिहून जातो? आशू, तू हे वाचलंस ना, तर मी तिथून उठेन. माती द्यायलासुद्धा थांबणार नाही. सांगून ठेवते.

लंकाबाई : बस खाली. तुला एक सांगायचं ऱ्हाऊन गेलंय. सांजंची प्रार्थना आठवती का? ताटं वाढल्यावरची?

सुवार्ता : आठवते. एकेकाचं नाव घेऊन. आधी तू, मग मी, मग आशू.

लंकाबाई : तू गेल्यावर बी तशीच चालू हुती. "प्रभू, लंकाबाईला सांभाळ," म्हनायचे. आन थांबायचे. लई येळ. मंग, "आशीर्वादला सांभाळ."

सुवार्ता : किती वेळ?

लंकाबाई : ताटातली भाकर गार व्हायची.

सुवार्ता : रोज?

लंकाबाई : रोज. परवा दवाखान्यात, नाकात नळी हुती, तवा बी.

आशीर्वाद : आधी मला वाटायचं, त्यांना दम लागतो. मग लक्षात आलं. पण कसं बोलणार?

सुवार्ता : शब्द दिला होता, म्हणून थांबत असतील. त्यात काय.

लंकाबाई : शबुद त्यांनी दिल्ता. मी न्हवता दिला. ह्यानं बी न्हवता दिला. आमच्यातल्या कुनीतरी तुजं नाव घ्यावं म्हनून थांबायचे ते. मला उशिरा उमगलं. एकदा मी मदीच डोळं उघाडलं, तर ते माज्याकडंच बघत हुते. मी मान खाली घातली. पंचांचं भ्या, मंडळीचं भ्या. मलाच लाज वाटती माजी.

सुवार्ता : एकदा घेतलं असतंस, आई. एकदा. बावीस वर्षांत.

लंकाबाई : व्हय.

सुवार्ता : मला वाटायचं, ह्या घरात माझं काहीच उरलं नाही.

लंकाबाई : त्यांच्यावर रागावू नगंस. माज्यावर रागाव.

आशीर्वाद : आई, ताई, साडेअकरा झाले. मी चार वाजता काय करू ते सांगा. कागदात बदल करणं मला जमणार नाही.

लंकाबाई : करू बी नगंस. हाय तसा वाच. "आम्हाला" म्हन, आन तितं थांब.

आशीर्वाद : आणि?

लंकाबाई : मी हुबी ऱ्हाऊन हिचं नाव घीन. मंग तू फुडं वाच.

आशीर्वाद : त्या वेळचे दोन पंच अजून आहेत. समोरच बसतील.

लंकाबाई : बसू दे.

सुवार्ता : आई, तुझा आवाज तरी निघेल का? सकाळपासून घसा बसलाय तुझा.

लंकाबाई : बावीस वर्सं घेतलं न्हाई, तवा जड जाईल. आदी हितं म्हनून बघते. सुवार्ता.

आशीर्वाद : जरा मोठ्यानं, आई. बाहेरच्या खोलीपर्यंत जाऊ दे.