बारावी खुर्ची

मंडळी, सलाम! आजच्या कीर्तनात एकच प्रश्न. शिष्य कुणाला म्हणावं? प्रभूसाठी जो प्राण देईल, तो शिष्य! — छान. माना डोलल्या. पण प्राणाचं राहू द्या, इथं पुढची खुर्ची द्यायला कोण तयार आहे? बघा, जोसेफराव खाली बघायला लागले!

तर ऐका. प्रवरेकाठची एक ख्रिस्ती मंडळी. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचे पाहुणे इथं बसलेत. तिथं उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी बारा जणांचे पाय धुतात. प्रभूनं धुतले तसे. बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्ची एकेका शिष्याची. पहिली पेत्राची — तिच्यावर सेक्रेटरी थोरातमामा, एकोणीस वर्षं! आणि हे शिष्य येतात कसे? घरी वजरीनं टाचा घासून! कोमट पाण्यात पाय भिजवून, वर खोबरेल लावून! पाळकांनी धुवायचं काय? खोबरेल?

आणि बारावी खुर्ची? प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताची! तिच्यावर बसणार कोण? कुणीच नाही. मग काय करायचे — तिच्यावर शेवंतीची कुंडी ठेवायचे.

त्या वर्षी पाळक नवे. अमोलिकसाहेब. घमेलं आणि तांब्या घेऊन गुडघ्यावर बसले, मामांचा एक पाय धुतला, आणि ओळीकडे नजर गेली.

"मामा, हे काय?"

"कुंडी, साहेब."

"ते दिसतंय. माणूस कुठाय?"

"तिथं कुंडीच बसते. आमच्या वडिलांच्या काळापासून."

"मग मी धुऊ काय? मुळं?"

कुणी हसलं नाही. मी सांगतोय म्हणून तुम्ही हसताय. तिथं हसायची परवानगी सेक्रेटरींकडून लागते!

साहेब म्हणाले, "प्रभूनं यहूदाचेही पाय धुतले. काय होणार ते ठाऊक असून धुतले. कोण बसतं?"

जो तो आपल्याच पायांकडे बघतोय — एवढे स्वच्छ पाय वर्षातून एकदाच दिसतात!

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं रूथआजींचा आवाज आला. वय चौऱ्याऐंशी.

"माणूस पाहिजे होय? माझा शांतवन बसलाय की बाहेर. पायरीवर. वर्ष झालं!"

आता हा शांतवन कोण? ऐका. आठ वर्षांपूर्वी ही मंडळी फुटली. कशावरून? त्रैक्यावरून? बाप्तिस्म्यावरून? — पंख्यावरून! नवा पंखा पुरुषांवर लावायचा की बायकांवर! त्या भांडणात शांतवन मामांना तोंडावर म्हणाला, "बसता पेत्राच्या खुर्चीवर, पण आरवता कोंबड्यासारखे!" आणि गेला निघून. फुटलेले बाकीचे हळूहळू मागच्या बाकांवर परत आले. हा आला नाही. वर्षापूर्वी आईचे गुडघे गेले, तेव्हापासून दर रविवारी तिला उचलून दारापर्यंत आणायचा, बायका तिला आत न्यायच्या, आणि हा स्वतः चपलांपाशी बसायचा. उपासना तिथूनच ऐकायचा. कुणी त्याला 'येऊ नको' म्हणालं नाही हो! कुणी 'ये' पण म्हणालं नाही.

मामा म्हणाले, "अहो आजी, पण ती यहूदाची खुर्ची!"

"असंना! माझं पोर आत बसू दे. मी डोळे मिटायच्या आधी एकदा चारचौघांत दिसू दे मला."

साहेब उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "मामा, बोलवा त्याला."

मंडळी, पंधरा पावलांचं अंतर! पण एकोणीस वर्षं बसलेला माणूस उठायचा म्हणजे! एक पाय ओला, एक कोरडा. मामा उठले. तसेच अनवाणी दाराशी गेले. घसा खाकरला. आठ वर्षांत पहिला शब्द काय काढावा माणसानं?

"शांतवन... चल आत. पाणी गार होतंय."

"पाय मातीत भरलेत, मामा."

"मग? कशासाठी ठेवलंय ते घमेलं?"

आला. कुंडी उचलून खाली ठेवली. बसला. साहेबांनी पाणी ओतलं — आणि घमेल्यातलं पाणी मातकट झालं! त्या देवळात पहिल्यांदा! मामा परत आपल्या खुर्चीकडे गेलेच नाहीत. तिथंच खाली बसले, म्हणाले, "टॉवेल माझ्याकडे द्या, साहेब," आणि पुसायला लागले. मामांचे स्वतःचे पाय? पायरीवरच्या मातीनं भरलेले. रूथआजी रडत होत्या, आणि शेजारणीला सांगत होत्या, "टाचा बघ कशा फुटल्यात मेल्याच्या."

पाय धुवाया वाकला । धनी चाकर जाहला ।।

आता माझ्याकडे बघा. पेटीवाल्याकडे नको, माझ्याकडे! देवळाबाहेर तुमचं कोण बसलंय? भाऊ? सून? की तो, ज्याच्या घरावरून जाताना तुम्हाला एकदम मोबाईल बघावासा वाटतो? त्याला बोलवायला जाणं, एवढंच शिष्यपण. बाकी सगळं खोबरेल!

उद्या सकाळी, नाष्ट्याच्या आधी, कोण जाणार? हात वर करा. लाजू नका. मी मोजतोय.

दोन. त्यातला एक आमच्या तबलेवाल्याचा, तो घाम पुसतोय.