दोन्ही टाक्या हिरव्या

इन्शिराह : परत काजळी. हे बघा, हात लावला की काळं.

हाज्जा तफीदा : हात कशाला लावतेस, मला डोळे आहेत. पत्रा आहे की चुलीवरची कढई? काल याच वेल्डिंगच्या मशीनने फाटक जोडलंस ना?

इन्शिराह : ते लोखंड होतं हाज्जा. हे अल्युमिनियम.

हाज्जा तफीदा : मशीनला काय कळतंय त्यातलं.

इन्शिराह : मशीनला नाही, मलाच कळायला हवं. वायर बदलली. मऊ वायर चेपू नये म्हणून रोलर बदलून दाब ढिला केला. गनचं टोक मोठ्या भोकाचं लावलं. पत्रा घासला. मग चुकतंय कुठं?

हाज्जा तफीदा : ते मला विचारतेस? कुवेतला जाताना तुझा नवरा वगदी म्हणाला, आई, हिला सगळं शिकवलंय, दुकान ही चालवेल. मी म्हटलं, बघू. आता बघतेय. तांडेल रईस शहातची होडी उद्या पहाटे निघते. त्याच्या बर्फाच्या पेटीला ही चीर राहिली तर मासे कुजतील, आणि आपली अब्रू त्यांच्या आधी. हे जमलं नाही तर वगदी सुट्टीवर येईपर्यंत दुकान बंद. सांगून ठेवते.

इन्शिराह : गॅसही आर्गॉनच लावलाय. भिंतीकडची टाकी... थांबा. या दोन्ही टाक्या तुम्ही एकसारख्या हिरव्या कधी करून घेतल्यात?

हाज्जा तफीदा : मी हजहून आले तेव्हा. तू माहेरी होतीस. रीतीप्रमाणे रंगाऱ्याने घराच्या भिंतीवर काबा काढला, विमान काढलं, माझं नाव लिहिलं. रंग उरला. गावभरचे पाहुणे येणार आणि दारात या गंजक्या टाक्या. म्हटलं, यांनाही मार एक हात.

इन्शिराह : आणि त्यांच्यावरचे कागद?

हाज्जा तफीदा : फाटके होते. मीच सोलून काढले.

इन्शिराह : हाज्जा, एकीत नुसता आर्गॉन आहे. दुसरीत त्याच्यात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला, तो लोखंडासाठी. तो अल्युमिनियमला लागला की ही अशी काजळी.

हाज्जा तफीदा : मग दुसरी लाव.

इन्शिराह : लावली की मघाशी. तेव्हाही काळंच आलं.

हाज्जा तफीदा : म्हणजे दोन्हीत तेच भरलंय?

इन्शिराह : कळत नाही. नळीत आधीचा गॅस राहिला असेल. की बदलून मी परत पहिलीच लावली? तुम्ही मध्ये टाक्या सरकवल्या होत्या का?

हाज्जा तफीदा : झाडायला नको? तू एकीवर खूण का नाही केलीस?

इन्शिराह : खडूने केली होती. पुसली कोणी?

हाज्जा तफीदा : हिरव्या रंगावर खडू शोभतो का?

इन्शिराह : (बाहेर जाऊन फोन करून येते.) वगदीला विचारलं. तो म्हणतो, मिसळलेल्या टाकीच्या मानेला त्याने पिवळा पट्टा मारला होता. हिरव्याखाली असेल.

हाज्जा तफीदा : म्हणजे खरवडायचं. हजचा रंग.

इन्शिराह : तुमची इच्छा नसेल तर राहू दे. रईसला सांगते, दुमियात शहरात घेऊन जा.

हाज्जा तफीदा : मी नको म्हटलं का? आण ती खरवडायची पट्टी. इकडे दे, तू नाही. तू खरवडलास तर गल्ली म्हणेल, सुनेने सासूची हज खरवडली.

(हाज्जा जमिनीवर बसून टाकीची मान खरवडू लागते.)

हाज्जा तफीदा : पिवळं आहे का हे? या चष्म्यातून मला सगळंच पिवळं दिसतं.

इन्शिराह : पिवळंच आहे. म्हणजे ती दुसरी आर्गॉनची. लावते. आता जरा गॅस नुसताच सोडते, नळीतला जुना निघून जाऊ दे. आता चीर जोडते, डोळे मिटा.

हाज्जा तफीदा : मिटले... आवाज वेगळा येतोय ग.

इन्शिराह : हो. आता उघडा.

हाज्जा तफीदा : चांदीच्या पैंजणासारखं झालंय. पाणी ओत, रईस येतोच आहे.

रईस शहात : सलाम अलैकुम. झालं का, की मी दुसरीकडे बघू?

इन्शिराह : पाणी ओतलंय रईस. खालून हात फिरवा.

रईस शहात : कोरडं आहे. छान. हाज्जा, माझ्या भावाच्या होडीची शिडीही अल्युमिनियमचीच आहे. वगदी सुट्टीवर आला की आणून देतो.

हाज्जा तफीदा : त्याच्यासाठी कशाला थांबतोस? हिला विचार, हिला कधी वेळ आहे.